दान आणि ऋण

सन १९५२ च्या नाताळात पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात सोळा वर्षांच्या एका मुलास त्याच्या आईचे मूत्रपिंड बसविण्यात आले. उंचावरून पडून त्याचे मूत्रपिंड फुटले होते. ते काढून टाकल्यावर कळले की दुसरे त्यास जन्मतःच नाही. आईने हट्ट धरला आणि आपले दिले. ते सुमारे तीन आठवडे चालले व मुलगा गेला. शरीराने परक्याचा अवयव नाकारू नये यासाठी त्या काळी पुरेसे औषधच नव्हते. तेव्हा दोष कोणाला द्यावा हा प्रश्नही उद्भवला नाही.

आज औषधे आहेत. येथे लखनौत, रायबरेली मार्गावरच्या संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे इकडच्या बोलीतल्या 'पीजीआय'त, मूत्रपिंडाचे रोपण ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. दिल्लीत १९९८ साली वीस महिन्यांच्या एका बालकास वडिलांच्या यकृताचा तुकडा बसविण्यात आला. ते बालक वाढून स्वतः डॉक्टर झाले. हातांच्या कौशल्याचा प्रश्न असा बराचसा सुटला आहे. आम्हांस सतावतो तो त्यानंतरचा प्रश्न. रोपण केलेला अवयव आता शस्त्रक्रियेच्या टेबलावर क्वचितच वाया जातो. तो जातो घरी, काही वर्षांनी, आणि विशेषेकरून रोगी सतरा ते चोवीस या वयात असताना. टॅक्रोलिमससारखे औषध बारा-बारा तासांनी, आयुष्यभर घ्यावयाचे असते. पोराला त्याचा कंटाळा येतो. त्याला वसतिगृहात चारचौघांसारखे दिसावयाचे असते. डोस चुकू लागतात, आणि मग कागदावर शेरा पडतो : 'रोगी औषध घेत नाही.' शेऱ्यांची सवय आपणां नोकरदारांस चांगलीच आहे. शेरा मारला की प्रकरण आपल्या टेबलावरून उठते.

या शेऱ्यामागे एक नैतिक गृहीत आहे, आणि ते तपासले पाहिजे. आपल्या संस्कारांत मातृऋण नावाची कल्पना खोल रुजलेली आहे. 'आईने तुला दोनदा जन्म दिला, आणि तू एक गोळी घेऊ शकत नाहीस?' हे वाक्य बोलणारे नातलग प्रत्येक घरी भेटतील. परंतु ऋण म्हटले की मागणारा आला, त्याची संमती आली. सहा वर्षांच्या मुलाने काय मागितले होते? अवयवरोपणाचा आपला १९९४ चा कायदा, जो गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र यांच्या विधानसभांच्या ठरावांमुळे संसदेस करता आला, त्यातील २०११ ची दुरुस्ती अगदी अपवाद सोडता जिवंत अल्पवयीनाचा अवयव काढू देत नाही. कारण त्याच्या होकारास आपण होकार मानत नाही. ज्याचे देणे आपण ग्राह्य धरीत नाही, त्याच्या घेण्यावर मात्र आयुष्यभराचे कर्ज चढवावयाचे, हा कोणता न्याय?

डोळे उघडे ठेवून होकार दिला तो इतरांनी : आईबापांनी, शल्यवैद्यांनी, संस्थेने, खर्चाचा कागद मंजूर करणाऱ्या सरकारने. ऋण असलेच तर यांच्यावर आहे. (आपणही यातून सुटत नाही. ओळखीच्या कोणासाठी पीजीआयची तारीख मिळवून देणारा दूरध्वनी आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी केला असेल. तेराव्या वर्षीच्या रक्ततपासणीसाठी दूरध्वनी करणारा मात्र आमच्या पाहण्यात नाही.)

हे ऋण फेडावयाचे कसे, याची उत्तरे मुळीच दिव्य नाहीत. औषधाचे रक्तातील प्रमाण वारंवार मोजलेच जाते. ते आकडे शेजारीशेजारी मांडले आणि त्यांतील चढउतार पाहिला, तर मूल कोठे डगमगते आहे हे अवयवास इजा होण्यापूर्वी दिसते. अठरा पूर्ण होताच बालविभागातून मोठ्यांच्या विभागात 'बदली' होते. आपली बदली झाली तर पदभार सोपविण्याची रीत आहे, यादी आहे, सह्या आहेत. या मुलाच्या हाती पुष्कळदा एक फाईल आणि नव्या खोलीचा क्रमांक एवढेच पडते. दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी काही महिने त्याला एकत्र पाहावे, यास नवी इमारत लागत नाही.

आणखी एक गोष्ट लागते, ती मात्र कठीण : आपले निकाल दुसऱ्यांपुढे मांडणे. उत्तर अमेरिकेतील बालरुग्णालये १९८७ पासून आपल्या मूत्रपिंडरोपणांची नोंद एकत्र ठेवीत आली आहेत. कोणाकडे काय बिघडले हे त्यामुळे इतरांस शिकता येते. आपल्याकडे रुग्णालयांचीही घराणी असतात, आणि घराण्याची चीज कोणी सहजी उघड करीत नाही. लखनौस हे नव्याने सांगावयास नको. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या, पाठभेद ताडून पाहिले, स्वरलिपीत छापून टाकले, आणि १९२६ साली येथेच विद्यालय उभे राहिले. उस्तादांच्या चिजा उजेडात आणण्यापेक्षा शल्यवैद्यांच्या चुका उजेडात आणणे अवघड, हे आम्ही मान्य करतो.

कोणी म्हणेल, जेथे असंख्य मुलांना रोपण मिळतच नाही तेथे झालेल्यांच्या गुणवत्तेची चर्चा ही चैन आहे. आधी संख्या वाढवा. आम्हांस हे पटत नाही. पहिले मूत्रपिंड गेले तर आईजवळ देण्यासारखे दुसरे नसते. बापाचा रक्तगट जुळेलच असे नाही. मग गोंड्याचे किंवा बलियाचे ते घर पुन्हा डायलिसिसच्या यंत्रापाशी येते, आठवड्यातून दोनदा-तीनदा, पहाटेची गाडी पकडून.