सूट आणि तहकुबी

‘मॅग्नॅनिमिटी’ या इंग्रजी शब्दास आपल्याकडे बहुधा ‘औदार्य’ हा प्रतिशब्द योजतात, आणि तो योग्यच आहे. परंतु ‘उदार’ म्हणजे मुळात उंच, थोर, हा अर्थ मागे पडून तो शब्द पैशाच्या थैलीस इतका चिकटला आहे की, देवळास देणगी देणारा आणि झालेला अपकार पोटात घालणारा हे दोघे एकाच गुणाचे धनी होत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मराठीने ‘जिवावर उदार होणे’ हा प्रयोग जतन केला, हे तिचे आम्हांवर उपकारच होत. आपल्या वस्तूवरची पकड सोडणे, एवढाच अर्थ तेथे उरतो. आता अपकाराची आठवण हीही मनुष्याची एक मालमत्ताच असते, आणि ती सोडणे रुपये सोडण्याहून जड जाते.

आमच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यास अवर्षण नवे नाही. त्यामुळे महसुलाच्या दप्तरातील दोन शब्द येथील शेतकऱ्यास चांगले ठाऊक आहेत. तहकुबीत सारा पुढे ढकलला जातो, येणे मात्र कायम राहते; सूट मिळाली म्हणजे ते येणेच खात्यावरून उतरते. भावाभावांच्या वाटणीत दुखावलेली मने ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणतात खरी. पण पुढच्या पिढीच्या लग्नात मानपानाचा प्रश्न निघाला की तीच बाकी व्याजासह पुढे येते. आपल्या पांढरपेशा घरांतील क्षमा बहुधा या जातीची असते!

मग अन्याय झालेल्या प्रत्येकाने तो विसरावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याचे येणे अद्याप कोणी कबूलही केलेले नाही, त्यास सूट देण्याचा उपदेश करणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय.

ॲरिस्टॉटलचा थोर मनाचा पुरुष अपकार ध्यानात ठेवीत नाही, कारण तसे करणे त्यास आपल्या योग्यतेस शोभणारे वाटत नाही. त्यात अपराध्याविषयी आस्था अशी फारशी नाही. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिच्या अखेरच्या मागण्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा दुष्टपणा जावा आणि सत्कर्मात त्यांचे मन रमावे, असे मागितले आहे. येथे अपराधी दृष्टीआड होत नाही. तो माणसांत परत हवा आहे.

ज्या खांबाशी टेकून ज्ञानदेवांनी तो ग्रंथ सांगितला अशी परंपरा आहे, त्यास ‘पैस’ म्हणतात. त्यावर एक प्राचीन लेख असून देवापुढील अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. त्यात वावगे काहीच नाही. दिव्यास तेल लागतेच, आणि दात्याचा शब्द पुढील पिढ्यांनी मोडू नये म्हणून तो दगडावर कोरावा लागतो. पण संन्याशाची पोरे म्हणून ज्यांनी या भावंडांस वाळीत टाकल्याचे सांगतात, त्यांचा त्या मागण्यात कोठे नामनिर्देशही नाही.