गंजाची साक्ष

आण्णांनी 1978 साली कराडहून जुनी जीप घेतली. महिंद्राची सीजे-थ्री-बी. अमेरिकेच्या विलीस जीपचे सुटे भाग आणून महिंद्रावाल्यांनी 1947 पासून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, त्याच वंशातली ही. इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीला पावसाळ्यात एसटी यायची नाही. बाळंतीण अडली की आण्णा मध्यरात्री उठून गाडी काढायचे. त्याचं भाडं त्यांनी कधी मागितलं नाही.

आण्णा गेल्यावर दोन वर्षांनी, 1996 ला, आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. पंच ओसरीवर बसले. जमीन झाली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बैल झाले, तांब्यापितळेची भांडी झाली. शेवटी राहिली जीप. मी पंचांना गोठ्यामागं नेलं. गाडीच्या तळाच्या पत्र्यावर टाच मारली, ती आरपार गेली. मडगार्डाचा पापुद्रा नखानं सोलून दाखवला. म्हणलं, "बघा, काय राहिलंय हिच्यात?" पंचांनी भंगाराच्या भावानं चार हजार किंमत धरली. धाकट्याला मी दोन हजार दिले आणि गाडी माझी झाली.

त्या दिवशी मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. पत्रा खरंच कुजला होता. ह्याच एका गोष्टीनं मला पुढं बरीच वर्षं शांत झोप दिली.

जीपचं असं असतं, की ती एक वस्तू नसून दोन असतात. खाली चासी, म्हणजे दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, चाकं, सगळा भार तिच्यावर. वर बॉडी, ती नुसती बोल्टांनी बसवलेली. बॉडीचा पत्रा अठरा गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास; चासीचं लोखंड त्याहून कितीतरी जाड. माणसाला गंज दिसतो तो पत्र्यावरचा. गाडी उभी असते ती चासीवर. आणि वाटण्यांच्या आधल्याच महिन्यात मी पोतं अंथरून गाडीखाली झोपलो होतो. चासीवर हातोडी मारली होती. आवाज खणखणीत होता. इंजिनाचं काम आण्णांनी शेवटच्या आजारपणाआधी करून घेतलेलं, त्याची पावती माझ्या ट्रंकेत होती. हे मी पंचांना सांगितलं नाही.

पुढच्याच वर्षी मी गाडीला लांबी मारून घेतली. भोकांवर पत्र्याच्या चकत्या, वर पुट्टी, वर हिरवा रंग. गाव बघत राहिलं. सात वर्षं वापरली आणि मग चिंचेखाली उभी केली, ती उभीच राहिली.

परवाच्या उन्हाळ्यात पोरानं हट्ट धरला, म्हणून कराडचा एक मिस्त्री आणला. मदतीला पुतण्या होता. त्याला ग्राइंडरचा हात चांगला. मिस्त्रीनं खिशातनं लोहचुंबक काढला आणि बॉडीवरनं फिरवत गेला. कुठं चिकटायचा, कुठं घसरून पडायचा. "मामा, हितं लोखंडच न्हाई, नुसती लांबी हाय," म्हणाला. लांबी फोडली तर खाली ओलसर तांबडा भुसा. गंजाला हवा आणि पाणी दोन्ही लागतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो आणि जोड उकलतो. वरून झाकला तर पाणी आत कोंडतं आणि तो निवांत वाढतो. मागच्या बाजूला, जिथं आम्ही खताची पोती टाकायचो, तिथली तर चाळण झालेली. मिस्त्री म्हणाला, "चकचकीत लोखंड लागेस्तोवर कापायचं. दया केली की संपलं." कापलेल्या जागी नवा पत्रा बसवताना तो एका जागी सलग वेल्डिंग करायचा नाही. इथं एक टाका, मग हातभर लांब दुसरा. पत्रा तापून वाकडा होऊ नये म्हणून.

बॉडी उचलून बाजूला ठेवली तेव्हा त्यानं चासीवर हातोडी मारली. तोच आवाज. म्हणाला, "हिला मरण नव्हतंच कधी. कुणी भंगार म्हणलं असंल तर त्यो आंधळा." पुतण्या शेजारी उभा होता. मी रेड ऑक्साइडचा डबा ढवळत बसलो.

मी मनाशी वकिली खूप केली. पंचांनी ठरवलं, त्यानं कबूल केलं, डागडुजीचे एक लाख ऐंशी हजार माझे. बैलबाजारात विकणारा कुठं बैलाची खोड सांगतो? पण बाजारात गिऱ्हाईक दात मोजतं, चालवून बघतं. आपण फसू शकतो हे त्याला ठाऊक असतं. माझा भाऊ गाडीखाली वाकला नाही, कारण दाखवणारा त्याचा थोरला भाऊ होता. खोटं बोलायला शब्द लागतातच असं नाही. खऱ्यातलं सोयीचं तेवढं दाखवलं तरी भागतं. आधी गंज दाखवून मी गाडी स्वस्त केली, मग गंज झाकून मिरवली. गंज तोच.

पुण्याच्या एका शौकिनानं साडेचार लाख सांगितले, त्या संध्याकाळी मी धाकट्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो म्हणेल, "जाऊ दे दादा, झालं गेलं." तो थोडा वेळ सुपारी कातरत राहिला आणि म्हणाला, "मग माझं निम्मं किती होतंय?"

मला राग आला. घरी येऊन जेवलो नाही. हिनं विचारलं, तिला सांगितलं. ती म्हणाली, "तो जाऊ दे म्हणला असता, तर तुम्ही खरंच जाऊ दिलं असतं." ती आत निघून गेली आणि मी कंदिलासारखा जागा राहिलो. माफी मागायला गेलो होतो असं मी समजत होतो. खरं तर फुकटात सुटायला गेलो होतो.

सकाळी वही घेऊन त्याच्याकडं गेलो. साडेचार लाखांतनं खर्च वजा, राहिले दोन लाख सत्तर. निम्मे एक लाख पस्तीस हजार. त्यातनं तेव्हाचे दोन हजार वजा. तो म्हणाला, "सात वर्षं वापरलीस त्याचं भाडं धरत न्हाई." मग चहा झाला. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या घरी मी चहा पीत होतोच. पण त्या दिवशी मान वर करून प्यालो.

गिऱ्हाईक गाडी बघायला आलं तेव्हा धाकटाही आला होता. मी गाडीखाली पोतं अंथरलं आणि त्या माणसाला म्हणलं, "आधी खालनं बघा. वरचं मी सांगतो, कुठं कुठं जोड आहे ते."