न झालेली अंतिम फेरी

भाची : मामा, १९७४ साली भारताने टेनिसच्या डेव्हिस करंडकाची अंतिम फेरी सोडून दिली, हे मला अजून पटत नाही. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं, इथे पुण्यात सोव्हिएत संघाला हरवलं. आणि शेवटी करंडक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला! ज्यांना धडा शिकवायचा, त्यांच्याच पदरात बक्षीस?

मामा : तिथे संघ निवडतानाच माणसाचा रंग बघत होते. अशांनी ‘खेळात राजकारण नको’ म्हणावं, याला काय अर्थ? राजकारण त्यांनीच आधी आणलं होतं.

भाची : मग १९८० साली अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला, तोही बरोबर?

मामा : नाही. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या हा अन्यायच होता, पण त्यामुळे कुणा धावपटूला मैदानाची बंदी झाली नव्हती. दक्षिण आफ्रिकेत अन्याय खेळाच्या दारातच उभा होता. आणि आमच्या देशाशी खेळू नका, असं डेनिस ब्रूटससारखे तिथलेच कार्यकर्ते जगाला सांगत होते. शिवाय भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार थांबवला होता.

भाची : व्यापाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळतं रे. खेळाडूचं उमेदीचं वय परत येत नाही. भारताला हा करंडक आजतागायत मिळालेला नाही. निर्णय सरकारचा, किंमत मात्र खेळाडूंनी मोजली.

मामा : हे मान्य. निर्णय न्याय्य होता, म्हणून त्यांचं नुकसान कमी ठरत नाही.

भाची : आणि वर्णभेद काय बहिष्काराने गेला?

मामा : तो तिथल्या लोकांच्या लढ्याने गेला. पण १९७० मध्ये ऑलिंपिक समितीने हाकलल्यावर, एकेक खेळाचं दार बंद होत गेल्यावर, आपलं सगळं सुरळीत चाललंय असं तिथल्या गोऱ्या क्रीडाप्रेमींना म्हणता येईना. १९९१ मध्ये त्यांचा क्रिकेट संघ परतला, तेव्हा पहिला सामना कोलकात्यातच झाला.

भाची : मग माझं म्हणणं असं. अन्याय खेळाच्या आतच असेल, सोसणारेच बहिष्कार मागत असतील आणि देश स्वतःही झळ सोसत असेल, तरच खेळाडूंकडून त्याग मागावा. मागण्याआधी त्यांना विश्वासात घ्यावं. आणि जिंकलेल्यांचा करतो, तसा त्यांचाही जाहीर सन्मान करावा.