भरवसा आणि पहारा

वसईचा कोट ज्याने पाहिला, त्याला ‘भक्कम’ शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. पोर्तुगीजांनी १५३४ पासून दोनशे वर्षे त्या दगडांवर भिस्त ठेवली. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला. पुढे १७८० मध्ये तोच कोट मराठ्यांच्याही हातून इंग्रजांकडे गेला. ‘भक्कम’, ‘अभेद्य’, ‘बिनधोक’ ही वस्तूंची नावे. वेळ आली की वस्तू नावाला जागतेच असे नाही. ‘भरवसा’ हा शब्द मात्र माणसाकडे बोट दाखवतो.

सप्ताहातला वीणेचा पहारा पाहा. वीणा खाली ठेवायची नाही. दुसरा येऊन गळ्यात घेईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. मध्यरात्री झोप मोडून वेळेवर येणारा गडी, तोच खरा तट!

कोणी म्हणेल, ‘पांडुरंगावर भार टाकला, मग पहारा कशाला?’ अहो बाप हो, भार टाकणे म्हणजे आपले काम देवाच्या गळ्यात घालणे नव्हे. आपण त्याच्यावर भरवसा ठेवतो, हे बरेच झाले. पण आपल्या हाती वीणा देऊन कोणी निवांत निजेल काय? हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

रामकृष्णहरि.