साक्षी की भोक्ता?

मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी बसलेत. एक फळं खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. वेदान्ती पहिल्याला जीव म्हणतात, दुसऱ्याला साक्षी. हौशी फोटोग्राफर यांतला कुठला? गळ्यात कॅमेरा आला की आपण दुसरे, असंच वाटायला लागतं. सगळे रंगलेत आणि आपण तेवढे बाजूला उभे! मला हे पटत नाही.

कणकवलीत माझं झेरॉक्स आणि फोटो प्रिंटचं दुकान आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की शटर ओढून मी आसपासच्या गावांत दशावतार टिपायला जातो. एकदा रंगपटात स्वतःच तोंड रंगवत बसलेले एक जुने कलाकार आरशातूनच म्हणाले, "फोटो काढतास ता बरा, पण नाटक बगतास कदी?" मला पटलं. जो पुढच्या फ्रेमची वाट बघतो, त्याची नजर फळावर असते. तो साक्षी कसला!

मग हात सुधारायचा म्हणजे नक्की काय सुधारायचं? 'दृग्दृश्यविवेक' या छोट्या प्रकरणग्रंथात याची उतरंड आहे. रूप हे दृश्य, डोळा त्याचा द्रष्टा. डोळा दृश्य, तर मन द्रष्टं. मनाच्याही वृत्ती दृश्यच, आणि त्यांना पाहणारा तो साक्षी. कॅमेरा अर्थातच दृश्याच्या बाजूला पडतो. साक्षीत सुधारण्यासारखं काही नाही, तो शिकत नाही आणि चुकतही नाही. रियाज करायचा तो डोळ्याने आणि मनाने. म्हणजे शिकणारा नेहमी भोक्ताच.

हे रंगमंचासमोर नीट कळतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात. शटर फार वेगाने उघडलं की फोटोत आडवे पट्टे उमटतात. म्हणून मी १/१०० वर थांबतो, लेन्स पूर्ण उघडी ठेवतो, आयएसओ ३२०० पर्यंत नेतो. पण एवढ्या संथ शटरला युद्धनृत्यातली गिरकी पुसट येते. ती कुठे थांबणार हे आधीच ओळखावं लागतं. दशावताराला लिखित संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या सुचतात. त्यामुळे पाठ करून जायची सोय नाही. मृदंगाकडे कान द्यायचा, पायांकडे बघायचं. चांगल्या फोटोच्या हावेपायीच शेवटी नाटक बघावं लागतं!

रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं दशावताऱ्यांबद्दल म्हणतात. रात्रभर ते राज्य पुरेपूर भोगतात आणि दहिकाल्यानंतर मुकुट पेटाऱ्यात ठेवून पुढच्या गावाला लागतात. भोगाला ईशावास्य उपनिषदाचीही ना नाही. त्यागून भोग, एवढंच त्याचं म्हणणं. मी ते माझ्या धंद्यापुरतं घेतलंय. जत्रेनंतर प्रिंट काढतो आणि ज्याचा फोटो त्याच्या हाती देतो. कलाकार तो उजेडात धरून बघतो. कधी खूश होतो, कधी म्हणतो, "हय पावल अजून पडूचा होता." कुठल्या क्षणासाठी थांबायला हवं होतं हे मला असं कळतं, आणि ते फोटो स्वतःजवळ साठवून कधीच कळलं नसतं.