दोष शोधणे आणि दोष देणे

आपल्या भाषेत ‘दोष’ हा एकच शब्द दोन निराळी कामे करतो. यंत्रात दोष असतो आणि माणसाला दोष दिला जातो. पहिला शोधावा लागतो. दुसरा देण्यासाठी मात्र काहीच शोधावे लागत नाही. या दोहोंत अंतर किती, हे गेल्या आषाढात एका जुन्या संगणकाने आम्हांस शिकविले.

आमच्या देवस्थानच्या कचेरीतील हा संगणक पंधरा वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. गावोगावी विखुरलेल्या कुळाव्यांची नावे, त्यांच्या वार्षिक अभिषेकांच्या तिथी, देणग्यांचा हिशेब, सारे त्याच्याच पोटात. एके सकाळी कळ दाबली. दिवा लागला, पंखाही फिरू लागला. परंतु पडदा काळाच राहिला आणि आतून थांबून थांबून लांब शिट्टी ऐकू येऊ लागली. श्रावण तोंडावर आला होता आणि नोंदींची दुसरी प्रत आम्ही कधीच काढून ठेवली नव्हती.

अशा वेळी आमच्या मनात उठलेला पहिला प्रश्न यंत्राविषयी नव्हता, माणसाविषयी होता. कचेरीत काम करणाऱ्या तरुणास आम्ही बोलावून घेतले. “काल शेवटी तूच बसला होतास ना रे?” “होय काका. पण मी रोजच्यासारखाच बंद करून गेलो.” हा मुलगा कामावर उशिरा येतो, हे आम्हांस ठाऊक होते. तेवढ्या आधारावर आम्ही मनोमन निकाल देऊन टाकला. आमच्या चर्येवरून तो त्याला कळला असावा. काही न बोलता तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

दुपारी दुरुस्तीचे काम करणारे एक गृहस्थ आले. ‘हे कोणी केले’ असे त्यांनी विचारले नाही. ‘काय दिसते, काय ऐकू येते’ एवढेच विचारले. पंखा फिरतो, म्हणजे विजेचा पुरवठा अगदीच बंद नाही. संगणक सुरू होताना प्रथम स्वतःची तपासणी करतो. पडद्यावर काही दाखविता येत नसेल, तर शिट्टीने खूण करतो. या खुणांचे अर्थ बनविणाऱ्यागणिक बदलतात. आमच्या यंत्रापुरती ती खूण रॅमकडे, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीकडे, बोट दाखवीत होती. नोंदी असतात त्या हार्ड डिस्कवर. तिच्यापर्यंत काम पोहोचलेलेच नाही. तेव्हा नोंदी गेल्या असे समजण्यास अद्याप कारण नाही, असे ते म्हणाले.

विजेची पिन काढून त्यांनी झाकण उघडले. आतील नाण्याएवढी बॅटरी मोजली. ती 3 व्होल्टची असावयास हवी. तिच्यात जवळजवळ काहीच उरले नव्हते. “सापडले!” आम्ही उद्गारलो. त्यांनी बॅटरी बदलली, पुन्हा कळ दाबली. शिट्टी तशीच! “बॅटरी खरोखरच संपली होती,” ते म्हणाले, “पण आजच्या दुखण्याचे कारण ती नव्हे.”

हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. बॅटरीत दोष होता, तथापि हा दोष तिचा नव्हता. त्या मुलाचे उशिरा येणे हाही खराच दोष. परंतु त्यावरून यंत्रही त्यानेच बिघडविले, हे कोठून सिद्ध झाले? एक उणीव सापडली की सर्व अनर्थ तिच्या माथी मारून मोकळे होणे, ही मनाची आळशी सवय आहे.

पुढे त्यांनी रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवली. यंत्र सुरू झाले. ती काढून त्याच खाचेत दुसरी बसविली, शिट्टी आली. दोनदा काढून पुन्हा बसविली, तरी शिट्टीच. मग तिच्या कडेवरील संपर्काच्या जागा साध्या खोडरबराने हलकेच पुसल्या. कोकणच्या दमट हवेत तेथे मळाचा पातळ थर बसला होता. तो जाताच यंत्र चालू झाले. प्रत्येक वेळी पिन काढावयाची आणि एकच गोष्ट बदलावयाची, हा त्यांचा नेम. आपल्या शास्त्रकारांनी यालाच अन्वय-व्यतिरेक म्हटले: हे असता ते असते, हे नसता ते नसते. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर यश आले असते. ज्ञान आले नसते. आणि कोणी चापट मारताच यंत्र योगायोगाने सुरू झाले असते, तर काकतालीय न्यायाने आम्ही त्या चापटीलाच औषध मानले असते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ गणले आहेत. त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क, असे पाच त्यांच्या मध्ये येतात. माणसाच्या बाबतीत आम्ही ते पाचही एका उडीत ओलांडले होते.

मग कोणासच जबाबदार धरू नये काय? असे आम्ही म्हणत नाही. जबाबदारी कारणाच्या मागून यावी, पुढे धावू नये, एवढेच आमचे म्हणणे. आणि कारणांचा माग प्रामाणिकपणे घेत गेलो, तेव्हा तो आमच्याच दारी येऊन थांबला. दमट हवेत यंत्राची झाडपूस करविणे आमचे काम होते. नोंदींची दुसरी प्रत ठेवणेही आमचेच.

यंत्र चालू होताच प्रथम सर्व नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. मग आम्ही पायरीपाशी गेलो. “चूक आमची झाली, बाळ,” असे म्हणताना जीभ जड झाली. वयाने मोठ्यांस हे शब्द कठीणच जातात. तो उठून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “काका, रोज सकाळी यंत्रात तारीख चुकीची दिसते, हे मी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं.”

त्याने सांगितले होते, हे खरे. संपत आलेल्या त्या बॅटरीचीच ती खूण होती. यंत्राची शिट्टी आम्ही त्याच दिवशी ऐकली. माणसाचे सांगणे ऐकावयास मात्र दोन महिने लागले.