रुग्णालय कोणाचे?

आजाऱ्याला न्यावयाच्या जागेसाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत : दवाखाना, रुग्णालय आणि इस्पितळ. पहिल्यात औषध प्रधान आहे, दुसऱ्यात रोगी. तिसरा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. एखाद्या गावात नवे रुग्णालय बांधण्याची चर्चा निघते, तेव्हा ती बहुधा पहिल्या शब्दाभोवती फिरते. खाटा किती, यंत्रे कोणती, जमीन कोणाची, एवढेच प्रश्न होतात. येणाऱ्याला येथे यजमान भेटेल काय, हा तिसऱ्या शब्दातला प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या आजोळी अशी एक सभा मी पाहिली. देवळाच्या सभामंडपात रात्री उशिरापर्यंत वाद चालला होता. इमारत सडकेलगत असावी की वरच्या आळीत, आणि दात्याचे नाव कोठे कोरावे, यांवर आवाज चढले होते. खांबाशी बसलेल्या एका वृद्ध सुईणीने मध्येच विचारले, ‘‘अण्णा, रातच्याला डागदर हितं ऱ्हाणार का?’’ मंडळी हसली आणि चर्चा पुढे गेली. इमारत यथाकाल उभी राहिली. रात्री तिला कुलूप असे. सभेत सर्वांना बोलण्याची मुभा होती, तरीही एकाच महत्त्वाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. लोकांना विचारणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला आहे.

त्याचे एक विचार करण्याजोगे उत्तर गडचिरोलीत सापडते. 1982 साली स्वतंत्र झालेल्या या अरण्यबहुल जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून ‘सर्च’ या संस्थेद्वारे काम केले. तेथील आदिवासी रुग्णालयात येण्यास का बिचकतात, आणि त्यांना दवाखाना कसा हवा, हे त्यांनी त्यांनाच विचारले. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. सोबतच्या नातलगांना बाहेर काढले जाते. डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही तर प्रेताला पांढरे वस्त्र गुंडाळतो, अशी उत्तरे आली. त्यातून शोधग्राम येथे झोपड्यांच्या वस्तीसारखे, नातलगांना राहता येईल असे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले.

विज्ञाननिष्ठ वाचकाला येथे शंका येईल. रुग्णालयाला देवीचे नाव देणे ही श्रद्धेपुढची शरणागती नव्हे काय? मला तसे वाटत नाही. निदान, औषध आणि शस्त्रक्रिया यांत येथे काहीही सोडून दिलेले नाही. बदलला तो उंबरठा. पांढऱ्या वस्त्राची भीती हे अज्ञान नसून वेगळ्या जीवनातील चिन्हाचे वाचन आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे नाही, कारण अर्थ चिन्हात नसतो, ते वाचणाऱ्या समाजाच्या स्मृतीत असतो.

परंतु ऐकणे म्हणजे निमूटपणे मान्य करणे नव्हे. 1896 च्या ऑक्टोबर महिन्यात, मुंबईत प्लेगची साथ असताना, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती त्यामागे होती. पुढे निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली प्लेग-रुग्णालये काढली. त्यामुळे लोकांचा विश्वास वाढला हे खरे. पण ज्या भिंती बाहेर होत्या त्याच आतही उभ्या राहिल्या. याच साथीत पुण्याजवळ डॉ. यशवंतराव फुले यांच्या रुग्णालयात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करीत होत्या. अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलाला उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. त्या काळातील बहुमताला विचारले असते, तर त्या मुलासाठी दार उघडले नसते. समाजाची भीती समजून घेणे हे यजमानाचे कर्तव्य आहे, तर समाजाचा तिरस्कार नाकारणे हेही त्याचेच कर्तव्य आहे. भीतीपोटी केलेली मागणी रोग्याला आत आणते, तिरस्कारापोटी केलेली दुसऱ्या रोग्याला बाहेर ठेवते. कोणती मागणी मानावी, याची कसोटी मला या फरकात दिसते.

या कसोटीलाही एक मर्यादा आहे. जी मागणी उच्चारलीच जात नाही तिचे काय? 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोलीतील दोन गावांच्या पाहणीत 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यांसाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. कोणत्या सभामंडपात या स्त्रिया उभ्या राहून हे दुखणे सांगणार होत्या? नवजात अर्भकाला तर बोलताही येत नाही. पुढे याच जिल्ह्यातील 39 गावांत गावच्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली गेली. बालमृत्यूंत मोठी घट झाल्याचे 1999 साली त्याच नियतकालिकातून जगापुढे आले. रुग्णालय सडकेलगत की वरच्या आळीत, या वादाला हे तिसरेच उत्तर आहे : कधी कधी ते बाळंतिणीच्या खोलीत असावे लागते.

अहमदनगर जिल्ह्यातील (2024 पासून अहिल्यानगर) जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच ओळखले होते. त्यांच्या कामाचा कणा गावोगावच्या आरोग्यसेविका होत्या. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर, अनेकजणी दलित. ज्यांना सभेत बसायला जागा नव्हती, त्यांच्याकडेच गाव नाडी दाखवायला जाऊ लागले. रुग्णालयाची चर्चा ही अखेर गावात कोणाच्या शब्दाला वजन असावे याची चर्चा असते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

याचा अर्थ मोठी इमारत नको असा नाही. अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियागृह लागते, सर्पदंशाला प्रतिविष लागते आणि ते वेळेवर लागते. गरिबांना झोपडी आणि श्रीमंतांना यंत्रे अशी विभागणी कोणी साधेपणाच्या नावाखाली सुचवील, तर तो अन्यायच होय. प्रश्न इमारतीच्या आकाराचा नाही. तिचा आराखडा ठरवताना सर्वांत अगतिक माणूस कोणी डोळ्यांपुढे आणला होता का, हा आहे.

त्या सुईणीला आम्ही हसलो. मीही हसलो होतो. तिने मागितले ते सुभाषितातील करुणा नव्हते, वास्तुशास्त्रही नव्हते. मध्यरात्री दार वाजवल्यावर आतून कोणी ‘ओ’ देईल काय, एवढेच तिला हवे होते. ज्या गावाजवळ याचे उत्तर आहे, तेथे पत्र्याची शेडही इस्पितळ ठरते. ते नसेल, तर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी तेवढी उरते.